ओमानची वाळू, डोंगर आणि किनारा : फोर बाय फोर सफरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मस्कतमध्ये राहणारी काही मराठी माणसं आणि आमचे ओमानी ड्रायव्हर मिळून दर हिवाळ्यात फोर बाय फोरने, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांनी, पाच दिवसांच्या सफरी काढतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

पाच दिवसांत नेमकं कुठे कुठे जातो?

पहिल्या दिवशी मस्कतहून निझवा आणि तिथून जबल अख्दर (जबल म्हणजे डोंगर). दुसऱ्या दिवशी जबल शम्सची दरी पाहून अल हमराला मुक्काम. तिसऱ्या दिवशी वाळवंट, म्हणजे शर्कियाची वाळू. जुनी माणसं आणि जुने नकाशे तिला अजून वहिबाची वाळू म्हणतात. चौथ्या दिवशी सूर आणि रास अल जिन्झ. पाचव्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने तिवी, फिन्स करत मस्कत. गट तयारीचा असेल तर अल हमराहून डोंगर ओलांडून वादी बनी औफ या दरीत उतरतो. त्यासाठी एक दिवस वाढवावा लागतो.

दक्षिणेतलं धोफार आणि रुब अल खालीचं वाळवंट यात नाही. ती वेगळी सफर आहे. पाच दिवसांत कोंबली तर गाडीच्या काचेतून पाहण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

वाळवंट दुबईतही आहे. मग ओमान कशाला?

संध्याकाळी चार ते नऊ एवढाच वेळ असेल, तर दुबईच बरी. ओमानात फायदा असा, की तीन हजार मीटरचा डोंगर, शंभर मीटरच्या वाळूच्या टेकड्या आणि अरबी समुद्र हे सगळं एकमेकांपासून दिवसभराच्या अंतरावर आहे. शिवाय इथल्या वाळूत माणसं राहतात. बदू (वाळवंटातले भटके अरब) कुटुंबांचे उंट, शेळ्या, पाण्याच्या टाक्या वाटेत दिसत राहतात.

यायचं कधी?

ऑक्टोबर संपता संपता ते मार्चच्या मध्यापर्यंत. एप्रिलमध्ये जबल अख्दरवर गुलाबाची तोडणी चालते आणि गुलाबपाणी काढण्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, पण तोवर खाली वाळू तापायला लागलेली असते. मे ते सप्टेंबर आम्ही वाळूत जात नाही. पंचेचाळीस अंशांत गाडी रुतली तर ती काढणाऱ्या माणसाचे हाल गाडीपेक्षा जास्त होतात. मुलांना मे महिन्यातच सुट्टी असते हे आम्हालाही कळतं. दिवाळीच्या सुट्टीत या.

गाडी मला चालवायला मिळेल का?

डांबरी रस्त्यावर नाही. वाळूत, तिसऱ्या दिवशी सकाळी, दोन टेकड्यांमधल्या सपाट भागात अर्धा-पाऊण तास देतो. शेजारी आमचा ड्रायव्हर बसतो. गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची असते आणि रस्त्यावर वाहतूक उजवीकडून, त्यामुळे आपल्याकडे वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही पहिली दहा मिनिटं इंडिकेटरऐवजी वायपर लावत असतो.

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा का काढता? पंक्चर झाल्यासारखं दिसतं.

दिसतं खरं. पण सगळी विद्या त्यातच आहे, बाकी नुसता आत्मविश्वास.

रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. टायर टणक आणि गोल राहतो, जमिनीला थोडाच टेकतो. वाळूत असा टायर सुरीसारखा आत जातो. हवा १५ ते १८ पर्यंत उतरवली की टायर पसरतो, त्याचा ठसा लांब होतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. उंटाचा पाय पाहा. रुंद, मऊ, गादीसारखा. तोच हिशेब.

हवा फार काढली, की जोरात वळताना टायर रिममधून निसटतो. म्हणून कमी हवेवर झटक्याने वळायचं नाही, करकचून ब्रेकही मारायचा नाही. ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि तोच तुम्हाला पुन्हा निघू देत नाही. पाय काढा, वाळू गाडीला आपोआप थांबवते. थांबायचंच तर उताराकडे तोंड करून.

वाळूतून बाहेर आल्यावर कंप्रेसर लावून हवा पुन्हा भरायची. चार गाड्या, सोळा चाकं, त्यामुळे अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात हमखास कुणीतरी विचारतं, ‘पुढच्या पंपावर भरली तर?’ नाही. कमी हवेचा टायर डांबरावर वेगात तापतो आणि फुटतो.

मस्कतमधल्या पहिल्या वर्षी मी आणि माझा एक मित्र एकाच गाडीने, हवा न काढता, भर दुपारी वाळूत शिरलो होतो. रस्ता मागे दिसत होता, इतके जवळ. तीन तास फावडं मारलं. शेवटी एक बदू म्हातारा पिकअप घेऊन आला, आमच्याकडे न बघता आधी खाली वाकला, काडीने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांची हवा काढली आणि गाडी स्वतः मागे घेऊन बाहेर काढली. दोरखंड लागलाच नाही. नंतर त्याने आम्हाला कॉफी पाजली. लाज वाटायची ती कॉफी पिताना वाटली.

गाडी उलटते का?

उलटू शकते, आणि ती बहुतेक वेळा आडवी जाताना उलटते. वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वाऱ्याकडची बाजू दबलेली, घट्ट आणि कमी चढाची. आडोशाची बाजू भुसभुशीत, तीस अंशांहून जास्त उताराची. चढायचं सरळ, उतरायचंही सरळ. तिरकं उतरताना गाडीची मागची बाजू घसरायला लागली, तर नाक उताराकडे वळवून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. मन नेमकं उलट सांगतं, म्हणून हे नवख्याच्या हाती देत नाही.

दुसरा धोका माथ्याचा. पलीकडे काय आहे ते माथ्यावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. पलीकडे दुसरी गाडी असू शकते, उंट असू शकतो, वाऱ्याने कातरलेला कडा असू शकतो. म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा असतो आणि पुढची गाडी पलीकडे उतरून वायरलेसवर ‘या’ म्हणेपर्यंत मागची चढत नाही. इंटरनेटवर हवेत उडणाऱ्या गाड्या पाहून आलेल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. सीटबेल्ट सगळ्यांनी, मागच्या सीटवरच्यांनीही. यावर वाद घालत नाही.

रुतलो तर?

रुतणारच. रोज एकदा तरी. चाक फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. आपण जोर करत राहिलो की चाक स्वतःची विहीर खणतं आणि गाडी पोटावर बसते.

आधी सगळे खाली उतरतात, हवा आणखी थोडी कमी होते, चाकांपुढची वाळू फावड्याने काढतो आणि आलो त्याच चाकोरीतून मागे जातो. ती वाळू आपणच दाबलेली असते. एवढ्याने नाही जमलं तर चाकाखाली पत्रे. तेही नाही, तर दुसऱ्या गाडीने पट्टा लावून ओढणं. पट्टा ताणला असताना त्याच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढायलाही नाही. तुटलेला पट्टा किंवा उडालेली कडी माणूस मारते.

याच कारणासाठी आमच्या कमीत कमी दोन गाड्या असतात. एकट्याने कुणी चौकशी केली तर दुसरा गट मिळेपर्यंत थांबवतो.

सगळीकडे वाळूच वाळू. वाट कशी सापडते?

शर्कियाची वाळू सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटर पसरली आहे, पण उत्तरेच्या भागात ती अगदीच अस्ताव्यस्त नाही. टेकड्यांच्या लांब रांगा दक्षिणोत्तर जातात आणि दोन रांगांमध्ये गल्लीसारखा सपाट पट्टा असतो. उत्तरेच्या कडेच्या बिदिया गावाहून आत शिरलं की अशाच गल्लीतून बराच वेळ दक्षिणेला जाता येतं. पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की रांग ओलांडावी लागते, आणि तिथे वाटाड्या लागतो.

या रांगा रचल्या कुणी? प्रामुख्याने नैऋत्य मोसमी वाऱ्याने. आपल्याकडे जून महिन्यात कोकणात पाऊस घेऊन येतो तोच वारा. इथे पाऊस देत नाही, वाळू वाहून नेतो. हे कळलं तेव्हा मी रत्नागिरीला आईला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, इथे छप्पर उडवतो, तिथे वाळू उडवतो, खोडी तीच.

आणखी एक ओळखीचं माणूस इथे भेटतं. वाळूच्या कडेने उभी असलेली जी झाडं दिसतात, त्यांना इथे घाफ म्हणतात. ती म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. मुळं खूप खोल जातात, वाळू धरून ठेवतात, उंटांना पाला मिळतो, माणसाला सावली. त्याची फांदी शेकोटीसाठी तोडायची नाही. लाकूड आम्ही मस्कतहून नेतो.

जबल अख्दरला तर डांबरी रस्ता आहे. तिथे फोर बाय फोर कशाला?

बिर्कत अल मौझच्या पुढे पोलिसांची चौकी आहे आणि फोर बाय फोर नसेल तर तिथून परत पाठवतात. चढायची अडचण नाही, उतरायची आहे. डोंगरावरचं सैक पठार दोन हजार मीटरच्या आसपास आहे आणि उतार इतका सलग, की नुसत्या ब्रेकवर येणाऱ्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात. म्हणूनच रस्त्याच्या कडेला जागोजागी खडीचे चढ करून ठेवले आहेत, ब्रेक गेलेली गाडी त्यात घुसवण्यासाठी. आमचे ड्रायव्हर लो गिअरमध्ये उतरतात. इंजिन मोठ्याने गुरगुरतं, घाबरू नका.

चौकीच्या आधी बिर्कत अल मौझमध्ये थांबतोच. तिथला अल खतमीन फलज २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फलज म्हणजे फक्त उताराच्या जोरावर पाणी आणणारा पाट. पाण्याची पाळी अजून गावकरी ठरवतात. आपल्याकडच्या पाटकऱ्याची आठवण येते.

आम्हाला घाटाची सवय आहे. वादी बनी औफ त्याहून अवघड आहे का?

वरंधा घाटाला संरक्षक कठडा नाही, डांबर नाही आणि रुंदी एका गाडीची आहे, अशी कल्पना करा. शरफ अल अलमैनच्या खिंडीतून, साधारण दोन हजार मीटरवरून, रस्ता ‘हात’ नावाच्या गावाकडे कोसळत जातो. नियम आपलाच : चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणारा मागे सरकतो, कधी कधी शंभर मीटर. वळणावर हॉर्न वाजवायचा. इथे कुणी त्याला उद्धटपणा म्हणत नाही. डांबर हळूहळू या बाजूलाही सरकतंय, त्यामुळे दर वर्षी वाट थोडी बदललेली असते.

खाली बलद सैत आहे. खजुराच्या बागा, पायऱ्यांची शेतं, मातीची घरं. गावात गाड्या नेत नाही. बाहेर थांबतो आणि चालत जातो, तेही गावकऱ्यांच्या अंगणांत न डोकावता. वाटेत दरीच्या तळाशी मुलांचं फुटबॉलचं मैदान लागतं. चारही बाजूंना उभे कडे, मध्ये गोलपोस्ट. एवढ्या उतारानंतर तो सपाट चौकोन बघून आमचे सगळे पाहुणे हसतात.

उंचीची भीती असलेल्यांनी दरीकडच्या काचेला बसू नये. आधी सांगा, जागा बदलून देऊ.

आकाश निरभ्र असतानाही पावसामुळे बेत बदलता, असं ऐकलं. का?

वादी म्हणजे एरवी कोरडं असलेलं नदीपात्र. ओमानचे बरेच कच्चे रस्ते या पात्रांतूनच जातात. पाऊस वीस किलोमीटर दूर डोंगरावर पडतो, उघडा खडक तो जिरवत नाही, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो. भरलेली वादी गाडीने ओलांडणं हा इथे गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतं. गुडघाभर पाणीसुद्धा वाहतं असेल तर गाडी तरंगायला लागते.

मग ठरलेली जागा राहिली तर पैसे परत मिळतात का?

त्या जागेचं वेगळं शुल्क भरलं असेल तर ते परत. सफरीचे नाही.

एकदा अल हमराला सकाळी ढग दिसले आणि ड्रायव्हरांनी वादी बनी औफ रद्द केली. गट पुण्याचा होता, वर्षभर आधी बुकिंग केलेला. पाहुणे चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं. त्या दिवशी पाणी आलंच नाही. संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. ‘बघा, जाता आलं असतं,’ असं मला तीन जणांनी ऐकवलं. हो, जाता आलं असतं. पुढच्या वेळी तसेच ढग दिसले तर ड्रायव्हर पुन्हा नाही म्हणतील आणि मी पुन्हा त्यांच्याच बाजूने बोलेन. हे मान्य नसेल तर आमच्याबरोबर येऊ नका, हे आम्ही फोनवरच सांगतो. तुम्ही जे पैसे देता त्यातला मोठा भाग त्यांच्या ‘नाही’साठी असतो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवतो का?

थोडी. कोकणातल्या किनाऱ्यांवर दर मोसमात कुणाची तरी गाडी भरतीच्या पाण्यात गेल्याची बातमी येते, त्यामुळे जास्त सांगायला नको. ओहोटीला उघडी पडलेली ओलसर पट्टी घट्ट असते, पण पाण्याच्या अगदी कडेला गेलं की लाट चाकाखालची वाळू चोरते. वर कोरडी वाळू सैल. मधला पट्टा चालण्याजोगा, आणि तोही भरती येईपर्यंतच. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहतो.

सगळ्यात फसवी जमीन म्हणजे सबखा, किनाऱ्याजवळची मिठागरासारखी सपाट जमीन. वर मिठाची पांढरी खपली, खाली चिखल. वरून डांबरी मैदान वाटतं. एकदा खपली फुटली की गाडी दारापर्यंत जाऊ शकते आणि ओढायला येणारी दुसरी गाडीही तिथेच अडकते. आधीच्या चाकांच्या खुणा सोडून सबखावर पाऊल टाकत नाही. खारं पाणी लागलेल्या गाड्या त्याच संध्याकाळी खालून धुतो.

कासवं दिसतील का?

रास अल जिन्झला हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. राखीव किनारा आहे, गाडी नेता येत नाही, रात्री तिथल्या मार्गदर्शकाबरोबर चालतच जावं लागतं. खरा हंगाम उन्हाळ्यात. आमच्या सफरी हिवाळ्यात, त्यामुळे कधी एक दिसतं, कधी नुसत्या रांगल्याच्या खुणा. वेळासला जाऊन आलेल्यांना सवय असते. मोबाइलचा उजेड टाकायचा नाही.

आई-वडील आणि लहान मुलं येऊ शकतील का?

डोंगर आणि किनारा, हो. वाळूच्या टेकड्यांवर गरोदर स्त्रिया, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हृदयविकार असलेल्यांना नेत नाही. त्यांना सपाट वाटेने तंबूपर्यंत पोहोचवतो. मोठ्या गाडीत सात जागा असल्या तरी आम्ही चारच प्रवासी बसवतो, कारण शेवटच्या सीटवरचा माणूस वाळूत छपराला भेटून येतो. भाव गाडीवर आहे, माणशी नाही. चौघं आलात तर परवडतं.

गाडी लागते. काय करू?

पुढच्या सीटवर बसा, लांब क्षितिजाकडे पाहा, मोबाइल खिशात ठेवा. नाश्ता हलका करा, पण उपाशी येऊ नका. डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. थांबा म्हणायला लाजू नका.

शाकाहारी जेवण?

मिळतं. तंबूत हमूस, डाळ, भात, कोशिंबिरी असतात. जैन जेवण हवं असेल तर आठवडाभर आधी कळवा. बदू घरी गेलात तर खजूर आणि वेलदोड्याची बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी येते, छोट्या वाटीसारख्या कपात. उजव्या हाताने घ्या. पुरे झाली की कप हलवून परत द्या, नाहीतर भरत राहतील. आमच्या एका काकांनी संकोचाने अकरा कप घेतले होते.

कपडे?

खांदे आणि गुडघे झाकणारे. वादीत पोहतानाही टी-शर्ट असू द्या. रात्रीसाठी स्वेटर घ्याच. जबल शम्सवर जानेवारीत पारा शून्याच्या जवळ जातो. वाळूत दिवसा सँडल नको, तापते. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ड्रोनला परवानगी लागते, घरीच ठेवा.

मोबाइलला रेंज असते का? काही झालं तर?

वाळूत आत गेलं की नसते. आमच्याकडे सॅटेलाइट फोन, प्रथमोपचाराची पेटी आणि माणशी दिवसाला सहा लिटर हिशेबाने पाणी असतं. ओमानात आणीबाणीचा क्रमांक ९९९९.

व्हिसा, पैसे, वेळ?

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी तिथेच बघा. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत पोहोचतं, घड्याळ दीड तास मागे. चलन रियाल, आणि एका रियालचे हजार बैसा. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत इथे रुपयाच चालत होता.

आम्ही स्वतः गाडी भाड्याने घेऊन फिरलो तर?

डांबरावर खुशाल फिरा, रस्ते उत्तम आहेत. रात्र टाळा, उंट रस्त्यावर येतात. वाळूत आणि वादीत जाण्याआधी भाडेकरार नीट वाचा, विमा बहुधा तिथे लागू नसतो. आणि एकट्या गाडीने जाऊ नका. हवा काढायला काडी चालते, भरायला चालत नाही.

येताना काही आणू का?

मऊ पिशवी आणा, कडक सूटकेस नको, मागे रचता येत नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी. ड्रायव्हरांसाठी चिवडा. त्यांना तो फार आवडतो, पण तिखट बेताचं.